भाईगिरी सोडलेल्या माणसाचं घर



गुन्हेगारी सोडून संसाराला लागलेला माणूस आणि एक दिवस दारात येऊन उभी राहिलेली त्याची जुनी माणसं. आपल्या सिनेमाला ही गोष्ट फार जवळची आहे. १९९१च्या ‘हम’मध्ये गोदीतला टायगर शेखर होऊन भावांना वाढवतो. २०२२च्या ‘दगडी चाळ २’मध्ये अंकुश चौधरींचा सूर्या बायको-मुलासोबत निवांत जगू पाहतो, पण मकरंद देशपांडेंनी साकारलेल्या डॉनचं, ‘डॅडी’चं जग त्याला सोडत नाही.

अशा चित्रपटाला फार पैसा लागतो, हे मला पटत नाही. १९९८चा ‘सत्या’ आठवा. तेव्हाचे मोठे नट नाहीत, खऱ्या वस्त्या, खरा पाऊस. बाहेर ज्याच्या नावाने लोक चळाचळा कापतात, तो भिकू म्हात्रे घरात बायकोशी कडाकडा भांडतो आणि लगेच तिच्यासोबत हसतो. भिकू आपल्याला कळतो तो तिथे, गोळीबारात नव्हे. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘वास्तव’मध्येही शेवटची गोळी नायकाची आईच चालवते. आई झालेल्या रीमा लागूंचा तो चेहरा कोणत्याही मारामारीपेक्षा भारी आहे.

म्हणूनच वाटतं, कमी पैशांतला असा थरारपट आमच्या नवी मुंबईत घडावा. तळोज्याचं कारागृह इथेच आहे. तिथून सुटलेला माणूस कोपरखैरण्यात सिडकोच्या एखाद्या बैठ्या घरात भाड्याने राहतो. पहाटे वाशीच्या भाजी मार्केटात गाड्या लागतात, तिथे हिशेब लिहितो. शेजारपाजारचे सगळेच बाहेरगावाहून आलेले. कोण कुठला, फारसं कोणी विचारत नाही. पण घरमालक भाडेकरूच्या माहितीचा फॉर्म पुढे करतो, पोलीस ठाण्यात द्यायचा असतो तो. नाव, आधीचा पत्ता, ओळख देणारी माणसं. बायको पेन हातात धरून नवऱ्याकडे बघते. पिस्तूल न काढता एवढा ताण निर्माण करता येतो! त्यात अधूनमधून चॅप्टर केसची, म्हणजे पोलिसांच्या प्रतिबंधक कारवाईची नोटीस, तडीपारीची धास्ती. महाराष्ट्र पोलीस कायद्याखाली माणसाला दोन वर्षांपर्यंत हद्दपार करता येतं. घर सांभाळायला निघालेल्यालाच घर सोडावं लागलं, तर पोरांकडे कोण बघणार? मारामारी यावी ती या प्रश्नातून.

मारामारी जरूर दाखवा, पण ती जिन्यात, मोरीत, गाळ्याच्या अर्ध्या शटरखाली होऊ दे. लागलेला माणूस लगेच उठून उभा राहू नये. आणि ज्यांना त्याने पूर्वी लुबाडलं, त्यांच्यापैकी एखादं कुटुंबही गोष्टीत असावं. घर काही फक्त नायकालाच नसतं.

आपल्या भागातली कितीतरी मुलं आज मोबाईलवर लघुपट करताहेत. त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: अशी पटकथा लिहायला घेतलीत, तर पहिला प्रसंग त्या बायकोचा लिहा.