बायांची साक्ष



गावात तंटा झाला आणि एखादी बाई म्हणाली, "मी डोळ्यांनी पाहिलंय," की लगेच विचारतात, "तिथं कुणी गडीमाणूस होता का?" जणू बाईनं पाहिलं ते पाहिलंच नाही.

ख्रिस्ती बहिणींच्या ईस्टर सणामागं अशीच एक गोष्ट आहे. शुक्रवारी येशूला क्रुसावर मारलं. रविवारी पहाटे काही बाया सुगंधी द्रव्यं घेऊन कबरीवर गेल्या. पाहतात तर तोंडावरची धोंड सरकलेली, आत देह नाही. येशू उठला आहे, असा निरोप त्यांना मिळाला. त्यांनी येऊन शिष्यांना सांगितलं. लूकच्या शुभवर्तमानात लिहिलंय, की शिष्यांना ती वायफळ बडबड वाटली.

त्या काळी यहुदी समाजात बाईच्या साक्षीला फारशी किंमत नव्हती. पौलाच्या पत्रात येशूला पाहिलेल्यांची जुनी यादी आहे. पेत्र आहे, पाचशेंहून जास्त बांधव आहेत, पण एकाही बाईचं नाव नाही. चारही शुभवर्तमानांत मात्र कबरीवर आधी पोचतात त्या बायाच. मग्दालीया मरीया तर चारही ठिकाणी आहे.

काही अभ्यासक म्हणतात, गोष्ट रचायचीच असती तर कुणी ऐकत नाही अशांना साक्षीदार कोण करील? दुसरे म्हणतात, चारही वृत्तांत एकमेकांशी पुरते जुळत नाहीत, आणि ते बऱ्याच वर्षांनी लिहिले गेले. मानायचं की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. पण त्या बायांची नावं कुणी खोडली नाहीत, एवढं खरं.

पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये सबंध बायबल मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत आणलं. साध्या बायकांना ते वाचून कळावं, हा त्यांचा हेतू. १९२२ साली त्या वारल्या. शेवटपर्यंत हेच काम चालू होतं.

आता आपलं बघू. आपल्या देशात १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानं साक्षीत बाई-पुरुष असा भेद केला नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला, त्यातही नाही. अमुक इतके साक्षीदार हवेतच, असंही नाही. एकीची साक्षसुद्धा पुरू शकते. मात्र स्वतः पाहिलं तेवढंच सांगायचं. ऐकीव गोष्टीत आपली भर घालायची नाही.

तेव्हा बायांनो, गटाच्या बैठकीत कुणी म्हणाली, "मी पाहिलंय," तर गडीमाणूस होता का, हे विचारू नका. काय पाहिलं, ते विचारा.