पोस्टकार्डावरचा जाब



संगणक क्षेत्रात नोकरी शोधणाऱ्या आमच्या वस्तीतल्या मुली विचारतात, "ताई, एवढ्या अर्जांत आपला अर्ज उठून कसा दिसेल?" कुणी स्वतःचा व्हिडिओ पाठवते, कुणी कंपनीच्या अ‍ॅपमधल्या चुका शोधून त्या दुरुस्त करून दाखवते. मला दुसरा मार्ग पटतो; त्यात काम दिसतं. व्हिडिओत चेहराच बघतात.

1974 साली बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकणाऱ्या सुधा कुलकर्णींनी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्तींनी, टेल्कोची जाहिरात वाचली. स्त्रियांनी अर्ज करू नये, अशी अट होती. त्यांनी पोस्टकार्ड लिहून थेट जे. आर. डी. टाटांना जाब विचारला. पुण्याला मुलाखतीचं बोलावणं आलं, नोकरीही मिळाली.

ही गोष्ट एकीच्या धाडसाची म्हणून सांगतात. मला मोलाचं वाटतं ते हे, की त्यांनी अटीवरच बोट ठेवलं. भरतीतल्या भेदभावाला मनाई करणारा समान वेतन कायदा त्यानंतर, 1976 मध्ये आला.

आता अशी ओळ सहसा कुणी छापत नाही, मुलाखतीत "लग्न कधी करणार?" विचारतात. मुलींनी असे प्रश्न तारखेसह लिहून आणावेत. पुढच्या बैठकीत ते वाचू आणि त्या कंपन्यांना संघटनेच्या नावाने पत्रं पाठवू.