वस्त्र कोणी ठरवायचे?



आम्ही बँकेत कारकुनी करतो. व्याज मोजणे हे आमचे रोजचे काम. म्हणून वस्त्रांच्या इतिहासाचा आरंभही व्याजापासूनच करतो.

नाशिकच्या पांडवलेण्यांपैकी दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ३००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले. त्यांपैकी २००० वर दरमहा शेकडा १ व्याज, म्हणजे वर्षाला २४०. त्यातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२. हिशेब चोख जुळतो! मुद्दल परत घ्यायचे नाही, ही अटही दगडात कोरली आहे. आपल्या मुलखातील विणकरांची पत एवढी मोठी होती.

हे चीवर म्हणजे तुकडे जोडून केलेले वस्त्र. मगधातील शेतांचे बांध पाहून भगवंतांनी आनंदाला तशी जोडणी करावयास सांगितले, असे विनयपिटकात आहे. प्रारंभी भिक्खू स्मशानात, उकिरड्यावर टाकलेल्या चिंध्या वेचून चीवर करीत. त्याला पांसुकूल म्हणतात. आता दुसरी बाजू पाहा. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडालांनी प्रेतावरची वस्त्रे व लोखंडी दागिने वापरावेत, अशी आज्ञा आहे. स्मशानातील चिंधी तीच; परंतु एकाने ती स्वेच्छेने स्वीकारली, दुसऱ्यावर ती लादली गेली. पहिल्याला तिने मान दिला, दुसऱ्याचे माणूसपण हिरावले.

म्हणूनच महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले, आणि त्याच परिषदेत बाबासाहेब स्त्रियांशी लुगड्याविषयी बोलले. गुडघ्यापर्यंतचे आखूड नेसणे आणि जड दागिने ही अस्पृश्यतेची खूण आहे, ती टाका. वस्त्र फाटके असले तरी स्वच्छ ठेवा. मुलींना शिकवा, असा त्यांचा उपदेश होता. चित्रे व टिपणीस कुटुंबांतील स्त्रियांनी नेसण्याची नवी पद्धत दाखविली, आणि आपल्या मायमाउल्या घोळदार लुगडे नेसून घरी परतल्या. सत्याग्रह केवळ पाण्याचा नव्हता, तो पदराचाही होता.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला शुभ्र वस्त्रांचा सागर लोटला. तेव्हा आपली हिंगोली हैदराबाद राज्यात होती, तरीही तो पांढरा रंग आपल्या खेड्यापाड्यांत पोहोचलाच.

आमच्या आजीच्या पेटीत एक पांढरे लुगडे होते. ती गेल्यावर आम्ही ते जुनेर समजून वाकळीत शिवू दिले. ते धम्मदीक्षेच्या वेळी नेसलेले होते, हे फार उशिरा कळले. ती चूक आजही सलते.

विद्यार्थी मित्रहो, उषवदाताचे दान दगडावर आहे; आपल्या आज्यांचा इतिहास पेटीत आहे. पेटी उघडा, आजीला विचारा, वहीत लिहून ठेवा. या ठेवीचे मुद्दल आपल्याला मोडू द्यायचे नाही.

जय भीम!