सांधा बसवला; पुढची जबाबदारी कोणाची?

(बिरवाडी, ता. महाड येथे कार्यकर्त्यांपुढे दिलेले व्याख्यान)



कृत्रिम सांध्याला होणाऱ्या बुरशीच्या संसर्गावर बिरवाडीत व्याख्यान कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. हा रोग विरळा आहे. कृत्रिम सांध्यांत जे संसर्ग होतात, त्यांपैकी बुरशीमुळे होणारे शंभरात एखाददुसरेच. परंतु आरोग्यव्यवस्था गरिबाला कुठवर साथ देते, हे अशा विरळ रोगाच्या वेळीच कळते.

आयुष्यभर भातखाचरात वाकून लावणी केलेल्या, डोंगरउतारावरून ओझी वाहिलेल्या माणसांचे गुडघे उतारवयात निकामी होतात. १६ ऑगस्ट २०१७ रोजी केंद्राच्या औषध किंमत नियामक प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. सरासरी दीड लाखाहून अधिक किमतीला विकला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा गुडघा, कर वगळून, ५४,७२० रुपयांवर आला. या निर्णयाचे आपण स्वागतच केले पाहिजे. प्रश्न आहे तो त्यापुढचा.

नवजात बाळाच्या तोंडात जो पांढरा थर येतो, तो कँडिडा नावाच्या बुरशीचा. ती आपल्या तोंडात, आतड्यात, त्वचेवर एरवीही निमूटपणे राहते. मधुमेह, स्टेरॉइडचा दीर्घ वापर, प्रतिजैविकांचा मारा किंवा त्याच सांध्यावर वारंवार झालेल्या शस्त्रक्रिया यांमुळे तिला वाट मिळते. धातूवर एकदा बसली की ती स्वतःभोवती चिकट पापुद्रा तयार करते आणि औषध त्या पापुद्र्याच्या आत पुरेसे पोहोचत नाही. ताप बहुधा नसतो. सूज आणि ठणका महिनोन्‌महिने रेंगाळतो. मग रुग्णाला ‘वयोमानाने दुखते’ असे सांगून वेदनाशामके किंवा अंदाजाने प्रतिजैविके दिली जातात. प्रतिजैविके जिवाणू मारतात, बुरशी नाही. उलट तिचे प्रतिस्पर्धी नाहीसे होऊन तिला रान मोकळे मिळते.

म्हणून उपचाराआधी निदान हवे. प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी सांध्यातील पाणी काढून तपासले पाहिजे. प्रयोगशाळेला ‘बुरशीही पाहा’ असे स्पष्ट सांगितले पाहिजे, कारण काही बुरशी वाढायला आठवडे लागतात. एकाच नमुन्यात ती दिसली तर बाहेरून शिरली असेल अशी शंका राहते. म्हणून नमुने एकाहून अधिक हवेत.

बहुतेकदा दोन शस्त्रक्रिया कराव्या लागतात. पहिलीत बसवलेला सांधा काढून जागा साफ करतात आणि औषध मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा बसवतात. मग किमान सहा आठवडे, पुष्कळदा कित्येक महिने, बुरशीनाशक औषध चालते. संसर्ग गेल्याची खात्री पटल्यावर नवा सांधा बसतो. फ्लुकोनाझोलची गोळी स्वस्त आहे, पण प्रत्येक बुरशी तिला दाद देत नाही. अँफोटेरिसिन शिरेतून द्यावे लागते आणि मूत्रपिंडांवर सतत लक्ष ठेवावे लागते. या साऱ्या काळात मजुरी बुडते, घरातले आणखी एक माणूस अडकते. गोळ्या मध्येच सुटतात त्या बहुधा बेफिकिरीमुळे नव्हे, तर पैसे संपल्यामुळे.

२०२१ साली काळ्या बुरशीच्या साथीत याच अँफोटेरिसिनच्या कुपीसाठी नातेवाईक दारोदार फिरले, हे आपण विसरलो नाही. आणि हे त्या महाराष्ट्रात घडले, जिथे १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक कारखाना उभा राहिला. तेथे डॉ. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमायसिन हे बुरशीनाशक शोधले. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले, त्याच्या शास्त्रीय नावातही पिंपरी आहे. हॅमायसिन वरून लावण्याचे औषध. सांध्याच्या कामाचे नव्हे. पण सार्वजनिक संशोधन काय करू शकते, याची ती साक्ष होती. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्या कारखान्याची जादा जमीन विकून देणी भागवण्याचा व पुढे कारखानाच विक्रीस काढण्याचा निर्णय घेतला.

खेड्यातून काय होणार, असे मात्र कोणी म्हणू नये. १९७६ साली डॉ. हिम्मतराव बावस्कर याच बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून त्यांनी केलेली निरीक्षणे १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली, पुढे प्राझोसिनच्या स्वस्त गोळीने असंख्य जीव वाचले. त्यांचे पहिले भांडवल होते काळजीपूर्वक ठेवलेली नोंद.

तेव्हा कार्यकर्त्यांनी दोन कामे हाती घ्यावीत. आपल्या गावात ज्यांना सांधे बसवले आहेत त्यांची यादी करावी. दुखणे रेंगाळले, जखम पाझरली, तर त्या माणसाला कागदपत्रांसह शस्त्रक्रिया केलेल्या रुग्णालयाकडे न्यावे. आणि शासनाकडे मागणी करावी, की सांधा बसवण्याच्या खर्चाबरोबरच संसर्गाची तपासणी, दुसरी शस्त्रक्रिया आणि शेवटच्या गोळीपर्यंतचे औषध ही एकच अखंड जबाबदारी मानली जावी. जिल्हा रुग्णालयात बुरशी वाढवून पाहण्याची सोय असावी. नवा गुडघा देऊन माणसाला अर्ध्या वाटेवर सोडणे, याला आरोग्यसेवा म्हणता येणार नाही.