वाटीभर बेसनाचं पिठलं



घरी यायला उशीर झालाय.
भाजी आणलेली नाही.
डब्यात वाटीभर बेसन मात्र आहे.
मग झालंच की जेवण! पिठलं करू या.

बेसन आधी गार पाण्यात कालवा.
गार पाण्यात, बरं का.
उकळत्या पाण्यात कोरडं पीठ टाकलं,
की ते वरून शिजतं, आत तसंच राहतं.
त्याच्याच गुठळ्या होतात.
वाटीभर पिठाला एकूण तीन वाट्या पाणी धरा.

आता फोडणी.
मोहरी, जिरं, हिंग, हळद.
हिरवी मिरची आणि ठेचलेला लसूण.
कांदा नसला तरी अडत नाही.
लसणाला मात्र हात आखडू नका.

उरलेलं पाणी, मीठ आणि दोन आमसुलं घाला.
उकळी आली, की एका हाताने पीठ ओता,
दुसऱ्या हाताने ढवळत राहा.
मग झाकण ठेवून मंद आचेवर चांगली वाफ येऊ द्या.
घाई केली, तर बेसन कच्चट लागतं.

सोबत ज्वारीची भाकरी.
ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन कमी असतं.
हरभऱ्यात ते भरपूर असतं.
म्हणून ही जोडी पोषणालाही चांगली.

पिठल्याचा कोरडा भाऊ म्हणजे झुणका.
१९९५ साली राज्यात नवं सरकार आलं,
आणि एक रुपयात झुणका-भाकर मिळू लागली.
आठवतं ना?

तर पुन्हा सांगते.
पीठ गार पाण्यातच कालवायचं.

भाकरी थापायचा कंटाळा आला, तर गरम भात चालेल.
आणि कढईच्या तळाची खरपूड कोणाला,
हे जेवायला बसण्याआधीच ठरवून टाका!