घोडी पुढें, बैल मागें

अमेरिकेच्या पश्चिम भागांतील गुराख्याचें चित्र आपल्याकडील शहरांतल्या मुलांनाहि आतां अनोळखी राहिलेलें नाहीं. रुंद काठांची टोपी, खोगिराला अडकविलेलें दोराचें वेटोळें आणि समोर धुळीच्या लोटांत चाललेला गुरांचा प्रचंड कळप, हें सारें चित्रपटांनीं घरोघर पोंचविलें आहे. त्या चित्रांतील एक गोष्ट मात्र फारशी कोणी लक्षपूर्वक पाहत नाहीं. तेथें घोडा असतो तो बहुधा गुरांच्या मागें किंवा बगलेस. एखादें चुकार वासरूं कळपांतून फुटूं लागलें, कीं कसलेला घोडा लगामाच्या इशाऱ्याचीहि वाट न पाहतां त्याला आडवा जातो आणि परत कळपांत लोटतो. घोड्यानें धाक दाखवावा आणि गुरांनीं पुढें चालावें, अशी ती व्यवस्था.

ती फार काळ टिकली नाहीं. १८६७ सालीं कॅन्सस राज्यांतील ॲबिलीन येथें आगगाडींत गुरें चढविण्याची सोय झाली आणि टेक्सासमधील कळप शेंकडों मैल चालत तेथवर येऊं लागले. १८७४ सालीं काटेरी तारेच्या एका सुधारलेल्या प्रकाराचें पेटंट निघालें. मोकळीं कुरणें कुंपणांनीं तोडलीं गेलीं, रेल्वेचे फांटे जागोजाग पोंचले, आणि वीस-पंचवीस वर्षांच्या आंत ते लांबचे प्रवास संपले. काम संपलें, पण कामांतलें कसब हातांत उरलें होतें. तें मग खेळांत उतरलें. ‘रोडिओ’ हा शब्द मूळचा स्पॅनिश. गुरांना वेढा घालून एकत्र आणणें हा त्याचा अर्थ. पुढें दोर फेंकण्याच्या आणि बेफाम जनावरावर बसून राहण्याच्या चढाओढीला तें नांव मिळालें. वायोमिंगमधील शायेन येथें १८९७ पासून आणि कॅनडांतील कॅल्गरी येथें १९१२ पासून अशा चढाओढींची परंपरा आहे.

आतां तो नकाशा मिटून पुण्याहून नाशिकच्या रस्त्याला लागावें. मंचर आणि नारायणगांव यांच्या आसपास आंबेगांव व जुन्नर या तालुक्यांचीं गांवें लागतात. येथेंहि नांगराचें काम ट्रॅक्टरनें घेतलें, आणि येथेंहि जनावर राखण्याचें कसब खेळाच्या आश्रयाला गेलें. येथेंहि घोडें आणि गुरें यांची जोडी आहे. मात्र तिची मांडणी नेमकी उलटी आहे. येथें घोडी पुढें धांवते आणि बैल तिच्या मागें.

बैलगाड्याची शर्यत महाराष्ट्रांत अनेक ठिकाणीं होते. सातारा-सांगलीकडे गाडीला दोन बैल असतात, हांकणारा गाडींत असतो आणि गाड्या एकमेकींशीं झुंजत धांवतात. जुन्नर, आंबेगांव, खेड या बाजूची रीत निराळी. येथें चार बैल जुंपतात, दोन पुढें आणि दोन मागें. गाडा म्हणजे दोन चाकांचा हलका सांगाडा. सहसा त्यावर कोणी नसतें. धांवपट्टी चढाची असते, म्हणून तिला ‘घाट’ हें नांव. एका गाड्याच्या एका धांवेला ‘बारी’ म्हणावयाचें. एका वेळीं एकच गाडा सुटतो; त्याचा सामना शेजारच्या गाड्याशीं नसून घड्याळाशीं असतो. दहा-पंधरा सेकंदांचा सारा खेळ! त्या दिवशीं सर्वांत कमी वेळांत घाट चढणारा गाडा ‘घाटाचा राजा’ ठरतो, भंडाऱ्यानें आकाश पिवळें होतें, आणि वर्षभर पदरचे पैसे घालणारा शेतकरी त्या दहा-पंधरा सेकंदांत सारें भरून पावल्यासारखा नाचतो. शर्यती गांवोगांवच्या यात्रांतून भरतात. आंबेगांव तालुक्यांतील नागापूरजवळ थापलिंगाच्या खंडोबाची यात्रा पौष पौर्णिमेला असते. तेथें नवसाचे गाडे पळविण्याची चाल आहे.

या साऱ्यांत घोडीचें काम कोणतें? तिला गाड्याशीं जोडलेलें नसतें. तिच्यावर एक हलक्या अंगाचा तरुण स्वार बसतो आणि पुढच्या जोडीच्या अगदीं नाकासमोरून तिला घाटावर काढतो. बैल हा कळपाचा प्राणी आहे. ओळखीचें जनावर पुढें पळतांना दिसलें कीं तो मागें राहत नाहीं. म्हणून खोंड लहान असतांनाच त्याला घोडीच्या संगतीची संवय लावतात. एकाच गोठ्यांत बांधणें, एकाच वाटेनें फिरविणें, आधीं सपाटीला आणि मग चढाला तिच्या मागें धांवावयास सोडणें, असा तो क्रम असतो. अंतराचा अंदाज हें घोडीवाल्याचें खरें कौशल्य. घोडी फार पुढें गेली तर बैलांचा हुरूप जातो. ती अडखळली तर चार बैलांचे सोळा खुर तिच्या आणि स्वाराच्या अंगावरून जाण्याची भीति. वरच्या टोंकाला पोंचल्यावर तर तिला गर्दींतून वाट काढून एका बाजूस व्हावयाचें असतें, कारण मागचा गाडा जागच्या जागीं थांबत नाहीं. प्रेक्षक घाटांत उतरतात ही या खेळाची जुनी खोड. आणि अपघात होतात ते बहुधा तिच्यामुळेंच.

बारीपूर्वीं गाड्याजवळ जें बोलणें चालतें तें ऐकण्यासारखें असतें.

“पुढं लई काढू नको,” मालक घोडीच्या मानेवर हात ठेवून सांगतो. “बैलाला शेपूट दिसली पाहिजे.”

“व्हय, नाना. पर उजव्या अंगाचा नवा हाय. त्यो बुजतोय.”

“म्हणून तर सांगतोय. त्याला घोडीचा वास लागू दे. मग बघ.”

या मुलखाला घोडें आणि गुरें यांची जोडी नवी नव्हे. जुन्नरच्या पश्चिमेस नाणेघाट आहे. तेथील लेण्यांत सातवाहनांची राणी नागनिका हिच्या काळचा लेख कोरलेला असून त्यांत यज्ञप्रसंगीं दिलेल्या दक्षिणेची यादी आहे. गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण नाणीं यांचे त्यांत उल्लेख आहेत. त्याला सुमारें दोन हजार वर्षें झालीं. १६५७ सालीं शिवाजी महाराजांनीं जुन्नर शहरावर छापा घातला, तेव्हां रोकड आणि जडजवाहीर यांबरोबर दोनशें घोडे नेल्याचें इतिहासकार लिहितात. आणि पुढें आळें गांवीं गेल्यास, ज्ञानेश्वरांनीं ज्याच्या मुखीं वेद वदविले अशी कथा आहे, त्या रेड्याची समाधि दाखविली जाते. जनावराची समाधि पूजणारीं गांवें जगांत फार नसतील.

शर्यतीचा बैल हा बहुधा खिलार असतो. पांढरा किंवा किंचित् करडा, लांब तोंडाचा, मागें वळलेल्या उंच शिंगांचा. ही जात मूळची माणदेश व सोलापूर बाजूची. पारख करणारा आधीं दांत पाहतो, मग खूर, मग चाल. दोनदाती, चारदाती, सहादाती अशा पायऱ्यांनीं वय मोजतात, आणि सर्व दांत आले कीं बैल ‘जुळला’ म्हणतात. जुन्नर तालुक्यांतील बेल्हें येथें सोमवारीं बैलांचा मोठा बाजार भरतो. तेथें हेडी आणि शेतकरी यांचा सौदा जुन्या रीतीप्रमाणें उपरण्याखालीं बोटें धरून होत असे. तोंडानें ‘नाहीं परवडत’ म्हणत असतांना बोटांनीं हजार वाढवावयाचे, हें नाटक दोघेहि गंभीर चेहऱ्यानें करीत. नामांकित बैलाची किंमत आतां लाखांनीं बोलली जाते, आणि लाखांच्या व्यवहाराला उपरण्यापेक्षां भ्रमणध्वनि अधिक उपयोगी पडतो.

पण खरी कसोटी खरेदींत नाहीं, राखण्यांत आहे. पहाटे बैलाला फिरावयास नेणें, आठवड्यांतून एक-दोन वेळां विहिरींत किंवा तळ्यांत पोहविणें, ऊन पाण्यानें अंग शेंकणें, कडबा आणि हिरव्या चाऱ्याशिवाय उडीद, गव्हाचें पीठ, दूध यांचा खुराक देणें, हें सारें घरांतील माणसांच्या जेवणाआधीं होतें. या दोन तालुक्यांत उंसांत बिबट्या राहतो, म्हणून गोठा रात्रीं बंदिस्त लागतो. गोठ्याची राखण बहुधा घरांतल्या म्हाताऱ्याकडे येते. आणि बाजेवर पडल्यापडल्या, कोणता बैल खात नाहीं आणि कोणता उगाच पाय बदलतो, हें अंधारांत नुसत्या आवाजावरून ओळखणारे म्हातारे येथें पुष्कळ आहेत.

हा सारा व्याप एके दिवशीं थांबला. ११ जुलै २०११ रोजीं केंद्र सरकारनें एक अधिसूचना काढून, ज्यांचे खेळ करूं नयेत अशा प्राण्यांच्या यादींत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तामिळनाडूंतील जल्लीकट्टू आणि महाराष्ट्रांतील बैलगाडा शर्यत या दोहोंवर बंदी घातली. न्यायालयाचें एक म्हणणें असें कीं, बैलाची शरीररचना धांवण्याच्या स्पर्धेसाठीं नाहीं. तो पळतो तो भीतीनें. हें म्हणणें हंसण्यावारी नेण्यासारखें नव्हतें. घोड्याचा खूर एकसंध, बैलाचा दुभंगलेला. घोडा पळण्यावर जगणारा, बैल रवंथ करणारा. त्याचें बळ ओढण्यांत. शिवाय काठीला खिळा लावणें, शेपटी पिळणें, प्रसंगीं तिला दांतांनीं चावणें, हे प्रकार शर्यतींत होत असत, आणि ते पाहिलेल्या कोणालाहि नाकारतां येण्याजोगे नव्हते.

बंदीनंतर शेतकऱ्यापुढें पेंच पडला तो वेगळाच. २०१५ सालापासून महाराष्ट्रांत बैलांच्या कत्तलीलाहि कायद्यानें मनाई झाली. म्हणजे बैल पळवावयाचा नाहीं, नांगराला त्याची गरज नाहीं, आणि नको असल्यास त्याला घेणाराहि मिळणार नाहीं. पश्चिमेकडील डोंगरांत भातखाचरांच्या चिखलणीला बैल लागतो खरा, पण तो तेथला लहान चणीचा काटक बैल. खिलाराला त्या चिखलांत कोण घालणार? कित्येकांनीं मिळेल त्या किंमतीस बैल विकले. कित्येकांनीं न विकतां पोसले, आणि शेजाऱ्यांचीं बोलणीं ऐकलीं.

२०१७ सालीं राज्यानें स्वतंत्र कायदा केला. शर्यतीला जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागेल, आणि बैलाला इजा केल्यास पांच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होईल, अशा त्याच्या तरतुदी होत्या. नियमांनीं काठी-चाबुकालाहि मनाई झाली. त्याच वर्षीं मुंबई उच्च न्यायालयानें शर्यती थांबविल्या. सरकारनें बैलाच्या धांवण्याच्या क्षमतेबद्दल समिति नेमून अहवाल घेतला. १६ डिसेंबर २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें शर्यतींना अटींवर मुभा दिली, आणि १८ मे २०२३ रोजीं पांच न्यायाधीशांच्या घटनापीठानें राज्याचा कायदा ग्राह्य ठरविला.

हा वाद बैल धांवूं शकतो कीं नाहीं या प्रश्नाभोंवतीं फिरत राहिला. विचार करणाऱ्यास मात्र घोडीकडे पाहावेंसें वाटतें. भीतीनें पळणाऱ्या जनावराला पुढें घोडी कशाला हवी? मागें काठी पुरे आहे. ज्या गोठ्यांत खोंड आणि घोडी वर्ष-दोन वर्षें एकत्र वाढलीं, तेथें गाडा सुटतांच बैल घोडीच्या मागें आपणहून झेपावतात, आणि माणसानें फक्त बाजूला व्हावयाचें असतें. जेथें ती मेहनत चुकविली, बाजारांतून काल आणलेला बैल आज जुंपला, तेथेंच खिळ्याची आठवण होते. क्रूरता आणि आळस यांचें नातें कोणत्याहि शाळेंतल्या छडीइतकेंच येथेंहि स्पष्ट आहे. कायद्यानें काठी काढून घेतली हें बरें झालें. त्यामुळें घोडीला तिची जुनी जागा परत मिळाली.

पण साडेसात वर्षांचा खंड लहान नव्हे. बैलाचीं भर धांवण्याचीं वर्षें थोडीं. बंदीच्या वेळीं ऐन उमेदींत असलेले बैल परवानगी येईपर्यंत म्हातारे झाले होते. सरावलेल्या घोड्या विकल्या गेल्या होत्या किंवा थकल्या होत्या. ज्या पोरांनीं घोडीवर बसावयाचें तीं शहरांत नोकरीला लागलीं होतीं, आणि त्यांच्या मागच्या पोरांनीं घाट पाहिला होता तो गवत उगवलेला. शिकवण पुन्हां पहिल्यापासून सुरू करावी लागली, आणि आतां शिकणारीं तिघें होतीं: खोंड, घोडी आणि स्वार.

अशा नव्या खोंडाची पहिली बारी ज्यानें पाहिली त्याला ती विसरतां यावयाची नाहीं. गाडा सुटतो, घोडी निघते, तीन बैल उसळतात. चौथा, पुढच्या जोडींतला, गर्दीच्या गलक्यानें बुजून मध्येंच पाय रोंवतो. गाडा तिरका होऊन थांबतो. लोक ओरडतात, कोणी हंसतो, पुकारणारा पुढच्या गाड्याचें नांव घेऊं लागतो. पूर्वीं अशा वेळीं चार काठ्या धांवल्या असत्या. आतां स्वार घोडी वळवून खालीं आणतो आणि खोंडाच्या तोंडाशीं उभी करतो. खोंड तिच्या अंगाला नाक लावतो. घोडी सावकाश चढूं लागते, आणि चारी बैल पायींपायीं तिच्या मागून घाट चढतात. घड्याळ केव्हांच बंद केलेलें असतें. मालक वर उभा असतो, मुठींतला भंडारा तो खिशांत परत ठेवीत नाहीं, खोंडाच्या कपाळाला लावतो आणि स्वाराला म्हणतो, “उद्यापासनं ह्याला घोडीशेजारी बांध.”