मस्कतचे दोन भाऊ आणि मुंबईहून झालेली तयारी



वर्धापनदिनाच्या सभेत आम्हांस दोन शब्द बोलावयास सांगितले, याबद्दल कमिटीचे आभार. आम्ही नर्सिंगचा डिप्लोमा घेऊन जन्मभर रुग्णसेवा केली. राजकारण आमचा विषय नव्हे. पण ओमानची एक जुनी हकिगत आपल्या मुंबईशी जोडलेली आहे, आणि तशी भांडणे आपल्या घरांतही होतात, म्हणून ती सांगतो.

सय्यद सईद बिन सुलतान हे ओमानचे राज्यकर्ते. मस्कत त्यांचे होतेच, शिवाय आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळचे झांझिबार बेटही त्यांच्या ताब्यात होते. लवंगांच्या बागांनी आणि व्यापाराने झांझिबार श्रीमंत झाले, मस्कत मागे पडले. १८५६ च्या ऑक्टोबरात सईद प्रवासात असताना सेशेल्स बेटांजवळ जहाजावरच वारले. मस्कत थुवैनी या मुलाकडे राहिले, झांझिबार माजिदकडे. माजिदने भावाला दरसाल पैसे द्यावेत असे ठरले होते, पण ते थांबले. १८५९ साली थुवैनी आरमार घेऊन निघाले. इंग्रजांनी त्यांना वाटेतून परत फिरविले आणि दोघांकडून लवादाला संमती घेतली. निवाडा गव्हर्नर-जनरल लॉर्ड कॅनिंग यांनी द्यावयाचा होता.

आता खरी गोष्ट तयारीची. नुसती कागदपत्रे वाचून निकाल दिला नाही. मुंबई सरकारने एडनचे रेसिडेंट ब्रिगेडियर कॉगलन यांना चौकशीस पाठविले. सोबत अरबी जाणणारे पाद्री बॅजर होते. १८६० साली त्यांनी मस्कत आणि झांझिबार दोन्ही ठिकाणी जाऊन बाजू ऐकून घेतल्या. ओमानात गादी कशी मिळत आली, बापाची इच्छा काय होती, हे सारे विचारून अहवाल केला. ऑपरेशनपूर्वी रोग्याची पूर्वीची हकिगत विचारतात, तसेच हे.

२ एप्रिल १८६१ रोजी निवाडा झाला. दोन्ही राज्ये वेगळी झाली. माजिदने दरसाल ४०,००० रियाल द्यावेत, शिवाय मागील दोन वर्षांची थकबाकी ८०,००० रियाल भरावी, असे ठरले. या रकमेमुळे झांझिबार मस्कतचे अंकित ठरणार नाही, असेही स्पष्ट केले. भावाभावांचे युद्ध टळले.

पण बंधुभगिनींनो, या तयारीत एक उणीव होती. बेटावरच्या सामान्य लोकांना कोणी विचारले नाही. लवंगांच्या बागांत राबणाऱ्या हजारो गुलामांना तर नाहीच. लाभ इंग्रजांचाही झाला. एक मोठे राज्य दुभंगले, आणि १८९० साली झांझिबार त्यांच्या संरक्षणाखाली गेले. रकमेचा वादही पुन्हा उठला, आणि शेवटी ती हिंदुस्थान सरकारला भरावी लागली.

आपण इकडे आलो, पण कित्येकांची भावंडे मुंबईत नि कोकणात राहिली. वडिलांचे घर, वाडी, भाड्याची खोली अजून कोणाच्या ना कोणाच्या नावावर आहे. आजारी माणसाच्या उशाशी बसून होणारे वाटपाचे तंटे आम्ही पुष्कळ पाहिले. तेव्हा रोगी बोलू शकत नसे, आणि ज्या मुलीने किंवा सुनेने सेवा केली तिला कोणी विचारीत नसे.

म्हणून विनंती एवढीच. हातपाय धड आहेत तोवर सर्वांना बसवून बोला. दूरच्या भावाला पत्र लिहा, बहिणींना विचारा, आणि ठरेल ते साक्षीदारांसमोर कागदावर लिहून ठेवा. त्रयस्थाला बोलवावे लागले, तर दोन्ही घरी जाऊन ऐकणारा माणूस निवडा.